काटा वर, वाफ गायब: एस्प्रेसो मशीनचा इतिहास बिघाडाच्या बाजूने

पेट देऊन पीएचडीला येणारे बरेच जण विचारतात, "आम्हाला यंत्र वापरायचंय, मग त्याचा इतिहास कशाला वाचायचा?" प्रश्न रास्त आहे. थिसिसच्या पहिल्या प्रकरणात दोन पानं भरायला इतिहास लागतो, एवढंच कारण असेल तर वाचू नका. पण यंत्र बिघडतं तेव्हा इतिहास कामाला येतो. कसा, ते आज प्रयोगशाळेबाहेरच्या एका यंत्रावरून सांगतो: घरगुती पण महागडं, पंप आणि बॉयलरवालं एस्प्रेसो मशीन.

आपल्याकडे 'एस्प्रेसो' म्हटलं की लग्नातला स्टॉल आठवतो. स्टीलचा बॉयलर, त्यातून फुसफुसणारी नळी, दूध-साखर-इन्स्टंट कॉफीच्या मिश्रणात सोडलेली वाफ आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. तिथे वाफ फक्त दूध तापवते आणि फेस काढते. इटलीत सुरुवातीला वाफेवर याहून मोठं काम टाकलं होतं, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

वाफ सगळंच करायची तेव्हा

१८८४ साली तूरिनच्या अँजेलो मोरिओंदोने वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. ते एका वेळी भरपूर कॉफी काढायचं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझेराने एकेका कपासाठी कॉफी काढणारं यंत्र पेटंट केलं. दांड्याला लावलेली छोटी गाळणी, तिच्यात कॉफीची पूड, वरून गरम पाणी. हे हक्क पुढे देसिदेरिओ पावोनीकडे गेले आणि त्याने ही यंत्रं बनवून विकायला सुरुवात केली.

या यंत्रांत पाणी ढकलायला पंप नव्हता. बॉयलरमधल्या वाफेचा दाबच पाणी ढकलायचा. इथे बारावीची फिजिक्स आठवा. बंद भांड्यात पाणी आणि त्याची वाफ एकत्र असली की दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एक वाढवला की दुसरं वाढतंच. काटा दीड बार दाखवत असेल तर आतलं पाणी सुमारे १२७ अंशांवर असतं. कॉफीला हवं असतं साधारण ९० ते ९६ अंशांचं पाणी. म्हणजे दाब पुरत नाही आणि पूड मात्र करपते. आज एस्प्रेसोसाठी ९ बार दाब वापरतात. तो नुसत्या वाफेने मिळवायचा म्हटलं तर बॉयलर १८० अंशांवर न्यावा लागेल!

यापुढचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास मी असा वाचतो: एकमेकांत अडकलेल्या राशी एकेक करून सोडवत जाणं.

एकेक गाठ सुटत गेली

पहिली मोठी गाठ आकिले गाजियाने सोडवली. त्याचं एक पेटंट १९३८ चं, आणि स्प्रिंगच्या लिव्हरचं १९४७ चं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते, सोडला की ती पिस्टन ढकलते आणि पाणी ८ ते १० बार दाबाने पुडीतून जातं. दाब आता स्प्रिंगकडून येतो, वाफेकडून नाही. कॉफीवरचा तो तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा, याच दाबामुळे आला.

दुसरी गाठ १९६१ ची. एर्नेस्तो व्हालेंतेच्या फाएमा कंपनीने ई-६१ हे मशीन आणलं. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून ते नाव पडलं. यात स्प्रिंगची जागा विजेच्या पंपाने घेतली, म्हणजे दाब हाताच्या जोरावर अवलंबून राहिला नाही. दुसरं म्हणजे कॉफीचं पाणी बॉयलरमधलं शिळं, उकळून उकळून क्षार साठलेलं पाणी राहिलं नाही. बॉयलरच्या आतून एक वेगळी नळी जाते. ताजं पाणी तिच्यातून जाताना तापतं. बॉयलर वाफेसाठी, नळी कॉफीसाठी. आजच्या कितीतरी महागड्या घरगुती मशीनना पुढच्या बाजूला जो जाडजूड पितळी भाग असतो, तो याच ई-६१ चा वंशज.

तिसरी गाठ तापमान नियंत्रणाची. जुन्या मशीनमध्ये प्रेशरस्टॅट असतो. दाब ठरावीक आकड्यावर गेला की हीटर बंद, उतरला की चालू. म्हणजे तो मोजतो दाब, आणि आपण त्यावरून तापमान गृहीत धरतो. नंतरच्या मशीनमध्ये पीआयडी कंट्रोलर आला. तो थेट तापमान मोजतो. त्यामागचं गणित निकोलस मिनॉर्स्कीने १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी मांडलं होतं. आत्ता दिशा किती चुकलीय, चूक किती वेळ साचत आलीय आणि ती किती वेगाने बदलतेय, या तिन्हींचा अंदाज घेऊन अनुभवी सुकाणूवाला हात चालवतो. आपल्याकडचा तांडेल वेगळं काय करतो?

आता आचऱ्याचं मशीन

मालवण आणि देवगडच्या मधल्या किनाऱ्यावर आचरा आहे. तिथे माझे मामा पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवतात, आणि त्यांच्याकडे ई-६१ पद्धतीचं, प्रेशरस्टॅटवालं एक मशीन आहे. डिसेंबरच्या गर्दीच्या तोंडावर ते रुसलं. गावात याचा मेकॅनिक नाही. सुटा भाग मागवायचा तर आठवडे जातात, आणि चुकीचा मागवला तर पैसेही गेले आणि सीझनही गेला. त्यामुळे आधी निदान, मग खरेदी.

मामांची तक्रार एका वाक्याची: "काटो वर आसा, पण वाफ खंय?" काटा १.२ बार दाखवत होता, हीटर बंद झाला होता, पण नळीतून वाफेऐवजी सुस्कारा येत होता. हीटिंग एलिमेंट गेला असणार, म्हणून नवा मागवायच्या बेतात ते होते.

इथे वरचा इतिहास उपयोगी पडला. प्रेशरस्टॅट दाब मोजतो. दाबावरून तापमान काढता येतं, पण आत फक्त पाणी आणि वाफ असेल तरच. हवा अडकली असेल तर? डाल्टनचा नियम सांगतो की एकूण दाब म्हणजे प्रत्येक वायूच्या दाबाची बेरीज. ३० अंशांवर बॉयलर बंद झाला आणि आतली हवा बाहेर गेलीच नाही असं धरा. पाणी १०० अंशांवर येईपर्यंत त्या हवेचा दाब सुमारे १.२ बार होतो आणि वाफेचा १ बार. बेरीज २.२. काटा वातावरणाचा दाब वजा करून दाखवतो, म्हणजे १.२ बार. प्रेशरस्टॅट समाधानाने हीटर बंद करतो. प्रत्यक्षात निव्वळ वाफेचे १.२ बार असायला पाणी १२३ अंशांवर हवं. म्हणजे काटा बरोबर आहे, आणि तरी मशीन तेवीस अंशांनी थंड आहे.

जुन्या, वेगळी शिट्टी असलेल्या कुकरमध्ये आई आधी वाफ येऊ देते आणि मगच शिट्टी ठेवते, ती याचसाठी. आधी हवा बाहेर जायला हवी.

एस्प्रेसो मशीनमध्ये हे काम बॉयलरवरची एक छोटी झडप करते, व्हॅक्यूम ब्रेकर. थंड असताना ती उघडी असते. तापताना हवा बाहेर सोडते आणि वाफेचा जोर आला की मिटते. मशीन थंड होताना ती पुन्हा उघडते, नाहीतर आत निर्वात होऊन वाफेच्या नळीतून दूधच बॉयलरमध्ये ओढलं जाईल.

तपासणी फुकटची होती. मशीन तापत असताना वाफेचा नळ अर्धा मिनिट उघडा ठेवला. काटा धपकन खाली आला, हीटर पुन्हा सुरू झाला, आणि दुसऱ्यांदा काटा वर आला तेव्हा वाफ जोरात होती. एलिमेंट ठणठणीत. प्लग काढून, मशीन पूर्ण थंड झाल्यावर झडप खोलली. ती मिटलेल्या अवस्थेत चिकटली होती. साफ केली, ओ-रिंग बदलली. (ओ-रिंग उष्णतेला टिकणारी आणि खाद्यपदार्थांना चालणारी हवी. नळाचं वायसर चालत नाही.)

एक लक्षण, दोन कारणं

दुसरा बिघाड जास्त शिकवणारा. पंप थांबेना, बॉयलर काठोकाठ भरायला लागला. बॉयलरमध्ये एक धातूची सळई असते, लेव्हल प्रोब. पाणी तिला टेकलं की पाण्यातून बारीकसा विद्युतप्रवाह जातो आणि कंट्रोलर पंप थांबवतो. म्हणजे मशीन पातळी मोजतच नाही. ते वाहकता मोजतं आणि पातळी गृहीत धरतं. गाठ पुन्हा दिसली का?

आता तीन शक्यता. एक, सळईवर क्षारांचा थर बसला. दोन, पाण्यातच क्षार इतके कमी की प्रवाह जात नाही. तीन, कंट्रोलर गेला. लक्षण तिन्हींचं एकच, उपाय मात्र वेगवेगळे. दुसऱ्या शक्यतेत डिस्केलिंग करून काहीच होणार नाही.

प्लग काढला, सळईच्या टोकापासून बॉयलरच्या अंगापर्यंत एक वायर जोडली आणि मग मशीन सुरू केलं. पंप गप्प राहिला. म्हणजे कंट्रोलर शाबूत. प्लग काढून सळई बाहेर काढली, तर ती स्वच्छ होती. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, त्यामुळे थर जाड नसणं अपेक्षितच होतं. उरलं पाणी. "क्षार बसू नयेत" म्हणून कोणीतरी दिलेल्या सल्ल्यावरून मामा आरओचं पाणी वापरायला लागले होते. बॉयलर थोडा रिकामा करून त्यात विहिरीचं गाळलेलं पाणी मिसळलं आणि पंप वेळेवर थांबला.

मग नुसतं विहिरीचंच वापरावं का? किनाऱ्यालगत विहिरीत खारेपणा शिरू शकतो, आणि क्लोराईड धातू खातं. टीडीएस मीटर इथे पुरत नाही. तो विरघळलेल्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, त्यात मीठ किती आणि कॅल्शियम किती ते सांगत नाही. कडकपणा आणि क्लोराईड वेगवेगळे तपासावे लागतात.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुम्ही ज्या यंत्रावर काम करणार आहात त्याचे भाग एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी भरा: हा भाग येण्याआधी काय बिघडायचं, आणि हा भाग प्रत्यक्षात काय मोजतो व काय गृहीत धरतो. पहिल्या रकान्यासाठी जुने पेपर आणि पेटंट वाचावे लागतील, दुसऱ्यासाठी मॅन्युअल. विचित्र रीडिंग आलं की सुटा भाग मागवण्याआधी हा कागद काढा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फुकटची तपासणी आधी करा.

सुरुवात लॅबमधल्या साध्या ओव्हनपासून करा. त्याचा थर्मोकपल कुठे बसवलाय ते बघा, आणि तो तुमच्या नमुन्याचं तापमान सांगतोय की ओव्हनच्या भिंतीचं, ते तपासा.