पात्राच्या तोंडची शिवी

मराठी व्याकरणाच्या पुस्तकात केवलप्रयोगी अव्ययांना शेवटची पाने मिळतात. शब्दांच्या आठ जातींतील ही आठवी जात. 'अरेरे', 'अबब', 'छट्', 'शाबास' अशी दहाबारा उदाहरणे पाठ केली की विद्यार्थी सुटतो. वाक्यातील इतर शब्दांशी या अव्ययांचा संबंध नसतो, ती वगळली तरी वाक्य अडत नाही, असे शाळेत सांगितले जाते. कथा, कादंबरी वा नाटक लिहिणाऱ्याला मात्र हा धडा विसरावा लागतो. बाकीचे शब्द पात्र विचार करून वापरू शकते. ठेच लागल्यावर किंवा अपमान झाल्यावर तोंडून निसटणारा उद्गार ते निवडत नाही. तो त्याच्या घराने, गल्लीने आणि वयाने आधीच निवडून ठेवलेला असतो. पात्राने न निवडलेला हा शब्द लेखकाला सर्वांत काळजीपूर्वक निवडावा लागतो तो यामुळेच.

रंगभूमीवरील याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकात आहे. लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग एप्रिल १९१४ मध्ये झाला. ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाला उच्चभ्रूंचे उच्चार शिकवतो आणि तिसऱ्या अंकात स्वतःच्या आईकडे जमलेल्या पाहुण्यांसमोर तिची परीक्षा घेतो. उच्चार निर्दोष ठरतात. मात्र ती निघत असताना, बागेतून पायी जाणार का, असे एक तरुण तिला विचारतो आणि नकार देताना ती अगदी शुद्ध, डौलदार उच्चारात 'ब्लडी' म्हणून जाते. त्या काळच्या इंग्रज प्रेक्षागृहात हा शब्द म्हणजे स्फोटच होता. पुढे लोक गमतीने त्या शब्दाच्या जागी 'पिग्मॅलियन' म्हणू लागले, इतकी खळबळ माजली. एलायझाच्या लेखी ती शिवी नव्हेच. तो नकारावर दिलेला जोर आहे. उच्चार बदलले, उद्गार तसाच राहिला.

शॉ यांनी याची पूर्वतयारी दुसऱ्या अंकातच केली आहे. हिगिन्सचे घर सांभाळणाऱ्या मिसेस पिअर्स त्याला बजावतात, की या मुलीसमोर अपशब्द उच्चारू नका. तिने ते आईच्या मांडीवर उचलले, पण तुमच्या तोंडून तिने ऐकता कामा नयेत. आपण शिवी कधीच देत नाही, असे हिगिन्स ठणकावतो आणि त्याच दमात सैतानाचे नाव घेतो! विद्वान माणसाला स्वतःच्या शिव्या ऐकूच येत नाहीत, हे त्याच्या स्वभावाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल. पुढे क्लारा नावाची तरुणी एलायझाचा तो शब्द नवी फॅशन समजून मुद्दाम वापरते. शब्द एकच, एकीच्या तोंडी तो जन्माचा, दुसरीच्या तोंडी उसन्या दागिन्यासारखा.

शिव्या झिजतातही. १९५६ मध्ये याच नाटकावरून 'माय फेअर लेडी' ही संगीतिका आली, तोवर 'ब्लडी'ची धार गेली होती. तेव्हा घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग योजून एलायझाच्या तोंडी निराळा, अधिक ग्राम्य शब्द घालावा लागला. पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' (१९७५) लिहिताना एखाद्या शिवीला प्रतिशब्द शोधून भागण्यासारखे नव्हते. मंजुळेच्या सबंध बोलीचा ठसकाच मराठी असावा लागला. भक्ती बर्वे यांनी तो प्रेक्षकांच्या कानांत कायमचा बसवला.

आपल्याकडे या शब्दांचा साठा विपुल आहे. 'च्यायला' हा 'तुझ्या आईला' या शब्दांचा झिजलेला अवशेष. त्यातील क्रियापद केव्हाच गळाले, उरला तो विभक्तीचा प्रत्यय. म्हणणाऱ्याच्या मनात कोणाचीच आई नसते. 'आईशप्पथ'मधील शपथ तशीच विरून नुसते आश्चर्य राहिले. नागपूरकराचे 'अबे' पुण्यातील जुन्या वाड्यातल्या वृद्धाच्या तोंडी घातले, तर वाचक तिथेच थबकेल. कोकणातल्या आजीच्या 'जळ्ळं मेलं'मध्ये राग असतोच असे नाही. दुधापासून जावयापर्यंत सगळे काही तिच्या लेखी 'मेलं'च. 'इश्श' एके काळी लाजण्याचा उद्गार होता. आजच्या तरुणीच्या तोंडी तो बहुधा विडंबन म्हणूनच येतो. (केदार शिंदे यांच्या २००४ मधील चित्रपटाचे नावच 'अगं बाई अरेच्चा!' आहे. बायकांच्या मनातले ऐकू येणाऱ्या पुरुषाची ती गोष्ट, आणि नावातला पहिला उद्गार खास बायकी.) गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'मध्ये (१९८०) गावातली हौशी मंडळी महाभारत सादर करू पाहतात. पौराणिक भारदस्तपणा ओसरून मालवणी शिवी बाहेर पडते, तेथे मुकुटाखालचा गावकरी दिसतो आणि हशा पिकतो.

सध्याच्या अनेक वेबमालिकांत गुंड, पोलीस, पुढारी आणि वार्ताहर एकाच ठेक्यात एकच शिवी देतात. धीटपणा म्हणून त्याचे कौतुक होते, प्रत्यक्षात तो आळस आहे. वृत्तपत्रांतल्या फुल्याफुल्यांनीही दुसऱ्या बाजूने तेच होते: मित्राने लाडाने दिलेली शिवी आणि सावकाराने दिलेली शिवी कागदावर सारखीच दिसते.

विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर'वर १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालवायचे ठरवले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जावे लागले. तेथे त्यांची सरशी झाली. आक्षेपांत भाषेचाही वाटा होता. परंतु या नाटकातून शिव्या काढून टाकल्या असत्या, तर पात्रांमधला फरकच पुसला गेला असता. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा सखाराम शिवराळपणालाच आपल्या सच्चेपणाचा पुरावा मानतो: जग लपूनछपून करते ते मी उघड बोलतो, हा त्याचा तोरा. नीळू फुले यांनी ही भूमिका केली होती. मुंग्यांशी गप्पा मारणाऱ्या देवभोळ्या लक्ष्मीपुढे त्याच्या शिव्यांना जरब असते. मग फौजदाराची बायको चंपा येते आणि त्याच्या तोडीस तोड शिव्या देते. ज्याला शिवीचे उत्तर शिवीने मिळते, त्याच्या हातातले हत्यारच जाते. सखाराम चंपापुढे मऊ पडतो तो तिच्या देहामुळे, तसाच तिच्या जिभेमुळेही. लक्ष्मीची भाषा या दोघांसारखी कधीच होत नाही. तीच लक्ष्मी पुढे चंपा आणि दाऊद यांच्या संबंधांची बातमी सखारामला देते, तो चंपाचा जीव घेतो, आणि तो हतबुद्ध होऊन उभा असताना प्रेत पुरून टाकायचे कसे हे ठरवते तीही लक्ष्मीच.