पंचहौदातला चहा आणि पाहुण्याची पंचाईत

मागच्या भागानंतर एकीने विचारलं होतं, कुणाकडे जेवायला गेलं तर चांगला पाहुणा कसा असावा, यावर इतिहासात काही सापडतं का? सापडतं की. पण जेवणाचं नाही, चहाचं. आणि तेही आपल्या पुण्यातलं.

ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेत पंचहौद मिशन. तिथे एका व्याख्यानासाठी पुण्यातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, वय ४८. टिळक ३४ वर्षांचे आणि गोखले तर अवघे २४ चे! व्याख्यान झालं आणि मिशनमधल्या बायकांनी सगळ्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली.

आता इथे जरा थांबा आणि स्वतःला त्या खुर्चीत बसवा. समोर वाफाळता कप. यजमान ख्रिस्ती. तुम्ही ब्राह्मण, साल १८९०. प्यायलात तर घरी बोंब, नाही प्यायलात तर समोरच्या बाईचा अपमान. काहींनी सरळ चहा प्यायला. काहींनी म्हणे कप नुसता हातात घेतला, ओठांना लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. मला हे दुसरे लोक फार ओळखीचे वाटतात.

यात एक पाहुणा वेगळाच होता. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. या सगळ्यामागे तेच होते. त्यांनी नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं! सनातनी मंडळी खवळली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. चहाच्या कपावर रीतसर खटला! टिळकांनी तो वकिलासारखा लढवला, ग्रंथांचे आधार काढले आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय असंही सांगितलं. तरी बहिष्काराचा चटका बसलाच. घरच्या कार्याला भटजी मिळणं मुश्कील झालं.

रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. स्वतःला पटलं म्हणून नव्हे, तर बरोबरचे लोक अडचणीत होते म्हणून. सुधारक मित्र यावर नाराज झाले. शाळेत असताना मला हा पळपुटेपणा वाटायचा. आता तेवढं ठामपणे म्हणवत नाही. ज्यांच्या घरात लग्नाच्या मुली आहेत, त्यांना 'तुम्ही खंबीर राहा' म्हणणं सोपं असतं.

पण या गोष्टीत कोण प्यायलं, कोण नाही, यावरच आपण बोलत राहतो. चहा ओतणाऱ्या बायकांकडून ती कधी सांगत नाही. अर्धे कप तसेच गार झालेले, ते उचलायचे कुणी? त्यांना कळलं नसेल का?

कळतं हो. माझी आजी घरी दिवसाला चार कप चहा प्यायची. पण माझ्या शाळेतल्या एका मित्राकडे गेली की म्हणायची, "मी चहाच घेत नाही गं बाई." का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मित्राच्या आईला मात्र पहिल्याच भेटीत समजलं असणार. कारण पुढच्या वेळी आम्ही गेलो, तेव्हा आजीसमोर कप आलाच नाही. काकूंनी ताटलीत एक केळं आणून ठेवलं. न सोललेलं, सालासकट.

आजीने ते खाल्लं, "गोड आहे हं" म्हणाली. काकू हसल्या. मी आणि मित्र चहात बिस्किटं बुडवत बसलो होतो.

कॉलेजला गेल्यावर त्याने एकदा सहज विचारलं, "तुझ्या आजीला खरंच चहा आवडत नव्हता का रे?"

मी म्हटलं, "हो ना, अजिबात नाही."