मळ्यातील मुकादमी

कॅलिफोर्नियातील सॅलिनासच्या खोऱ्यात, जेथून अमेरिकेच्या ताटात लेट्यूस येते, मेक्सिकोतून मजूर आणणारा ब्रासेरो करार 1942 ते 1964 पर्यंत चालला. त्याच्या दप्तरात पुरुषांची नावे मुबलक सापडतात, पुढे त्याच वाफ्यांत वाकलेल्या स्त्रियांची कहाणी मात्र फार उशिरा नोंदली गेली. 1935 च्या श्रमिक कायद्याने शेतमजुरांना वगळलेच होते. शिवाय इंग्रजी अवगत नाही, रहिवासाचे दस्तऐवज नाहीत, आणि कामावर घेणे, हजेरी मांडणे व काढून टाकणे हे सारे अधिकार मुकादमाच्याच मुठीत, अशी जिची स्थिती, तिने त्याच्याच अत्याचाराची फिर्याद कोणाकडे गुदरावी? भर उन्हात सैल सदरे चढवून, डोळ्यांखालचा चेहरा रुमालाने बांधून या स्त्रिया राबत. धुळीइतकाच तो पुरुषी नजरेचा बंदोबस्त होता.

अंगावरचा व्रण भरतो. परंतु निद्रानाश, विषण्णता, पावलांच्या चाहुलीने उडणारा थरकाप आणि दवाखान्याची पायरी चढण्याचीही धास्ती वर्षानुवर्षे टिकते, आणि तिला दुर्बलता म्हणणे हा मी अन्यायाचाच उत्तरार्ध समजतो.

तरी काहींनी दाद मागितलीच. 1999 साली सॅलिनासच्या एका बड्या कंपनीने अशाच लैंगिक छळाच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाशी तडजोड करून 18 लक्ष 55 हजार डॉलर भरले. 2005 मध्ये फ्रेस्नोच्या ज्यूरीने बलात्कार व छळाची दाद मागणाऱ्या एका शेतमजूर स्त्रीच्या बाजूने कौल दिला, तो अपिलातही टिकला. पोलिसांना साह्य करणाऱ्या पीडित स्थलांतरितांसाठी 2000 च्या कायद्याने स्वतंत्र व्हिसा निर्माण केला. मात्र वर्षाला मर्यादा 10,000 ची असल्याने अर्जदारांना कित्येक वर्षे तिष्ठावे लागते.