पहिलें हिम

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर जुना एचिगो प्रांत आहे. हल्लीं त्यास नीगाता म्हणतात. तेथें नोव्हेंबर संपत आला कीं दोन प्रकारचीं माणसें डोंगरमाथ्याकडे डोळे लावून बसतात. युझावा येथील हॉटेलवाले 'हिम कधीं पडेल?' म्हणून अधीर असतात. कारण हिमावर स्की खेळणाऱ्या पाहुण्यांवर त्यांचा संसार. छपरावरचें हिम स्वतः ओढून टाकणारा वृद्ध गांवकरी मात्र 'यंदा किती पडेल?' या काळजींत असतो. या दोन प्रश्नांतील अंतर आम्हांस मोठें बोधप्रद वाटतें, आणि तें समजण्यास दोनशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

युझावाजवळच्या शिओझावा गांवीं सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) हा कापडाचा व्यापारी होऊन गेला. आपल्या हिममय प्रदेशाची हकीकत राजधानीच्या लोकांस कळावी या एकाच ध्यासानें त्यानें कित्येक दशकें खटपट केली, व अखेर १८३७ सालीं त्याचा 'होकुएत्सु सेप्पु' हा ग्रंथ एडो शहरीं छापून निघाला. त्यांत आरंभींच त्याची तक्रार आहे. उबदार मुलखांतील लोक पहिलें हिम पाहून हर्षभरित होतात, मद्याचे पेले भरतात, कविता रचतात. आमच्याकडे तें दिसतांच पुढील कित्येक महिन्यांच्या हालांची आठवण होते, असा त्याचा आशय. घरें गाडलीं जाणें, दिवसाढवळ्या दिवे लावणें, कडे कोसळावे तसें हिम कोसळणें, हें सारें त्यानें वर्णिलें आहे. तान्हें मूल आजोळीं दाखवावयास निघालेलें जोडपें हिमवादळांत सांपडून मेलें व मूल तेवढें वांचलें, ही त्याची कथा वाचून मन सुन्न होतें. तथापि बोकुशी कृतघ्न नव्हता. ज्या चिजिमि कापडावर त्याचा प्रांत जगे, तें हिमाच्या ओलाव्यांत विणलें जाई व हिमावरच पसरून शुभ्र केलें जाई. हिमावांचून तें कापड नाहीं, हें तो पुरतें जाणून होता.

इतकें हिम तेथेंच कां पडावें? सैबीरियाकडून येणारा कोरडा, अतिशीत वारा जपानच्या समुद्रावरून वाहतो. त्या समुद्रांत दक्षिणेकडून उष्ण प्रवाह येतो. वारा त्याचें बाष्प उचलतो व डोंगरांवर आदळून तें हिमरूपानें टाकतो. आपल्या सह्याद्रीवर आषाढांत जें घडतें, त्याचीच ही हिंवाळी आवृत्ति होय. हंगामाच्या आरंभीं समुद्र उबदार असल्यानें बाष्पाची वाण नसते. परंतु वारा पुरेसा थंड नसला तर त्याच ढगांतून नुसता पाऊस पडतो. शिवाय पहिला थर पातळ असला म्हणजे खुरट्या बांबूचे शेंडे वर राहतात व उतार घसरण्यास योग्य होत नाहीं. एक-दोन अंशांवर हंगामाचें भवितव्य अवलंबून असतें.

भयाचें रूपांतर प्रतीक्षेंत झालें तें विसाव्या शतकांत. १९०२ च्या जानेवारींत हाक्कोदा डोंगरांत सरावास गेलेल्या २१० सैनिकांपैकीं १९९ हिमांत मेले. पुढें १९११ सालीं, एचिगोंतीलच ताकादा येथें, थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन सेनाधिकाऱ्यानें जपानी सैनिकांस स्कीचे धडे दिले. लष्करी विद्येचा खेळ झाला. १९३१ सालीं शिमिझु बोगदा खुला होऊन टोकियोची आगगाडी युझावास थेट पोहोंचूं लागली. आणि बोकुशी ज्या नागरजनांस आपलें दुःख ऐकवूं पाहत होता, तेच त्याच्या दारीं येऊन ठेपले.

मात्र निसर्गानें जुना हिशेब मिटविलेला नाहीं. २०१९-२० चा हिंवाळा जपानांत असाधारण उबदार गेला. हिम इतकें थोडें पडलें कीं पुष्कळ ठिकाणचे उतार उशिरां उघडले. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर २०२० मध्यें, शिओझावाच्याच परिसरांतील महामार्गावर हिमानें दोन हजारांच्या आसपास मोटारी अडकविल्या व कित्येकांस गाडींतच रात्री काढाव्या लागल्या. हवा तापली तरी समुद्रहि तापतो. म्हणून कधीं हिमाचा दुष्काळ, तर कधीं एकाएकीं त्याचा पूर.

बोकुशीची मूळ तक्रार हिमाविरुद्ध नव्हती. तें ज्यांना सोसावें लागत नाहीं त्यांच्या अज्ञानाविरुद्ध होती, असें आम्हांस वाटतें. आज पाहुण्यास उतारावरील हिमाची खोली सेंटिमीटरांत कळते, आणि ती जितकी अधिक तितका तो संतुष्ट. तेंच हिम छपरावर साचतें. तें काढतांना पडून दर हिंवाळ्यांत माणसें दगावतात. त्यांत वृद्धांचा भरणा अधिक, कारण तरुण केव्हांच शहरांकडे गेले. पाहुण्यानें आनंद लुटूं नये असें आमचें म्हणणें नाहीं; त्या आनंदावर आज गांव जगतें. परंतु उतारावर पाऊल ठेवण्यापूर्वीं त्यानें त्या छपरांकडे एकदां पाहावें. बोकुशीनें आयुष्य वेंचून मागितलें तें एवढेंच होतें.