गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व : महाराष्ट्रातील विद्यार्थी परिषदांचा कायदेशीर प्रवास

विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग असावा, हे तत्त्व आपल्याकडे फारसे कोणी नाकारलेले नाही. वाद आहे तो प्रतिनिधी कोणी निवडावा, याविषयी. प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रातील दोन कायद्यांच्या आधारे या वादाचा परामर्श घेतला आहे.

१९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. अशा हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ ने प्रत्यक्ष निवडणुकीची वाट बंद केली. कलम ४० नुसार मागील परीक्षेत गुणवत्ता दाखविणाऱ्या विद्यार्थ्याचे प्राचार्यांनी वर्गातून नामनिर्देशन करावयाचे होते. परिषदेने राजकीय कार्यात भाग घेऊ नये, असेही कायद्यात नमूद होते. हिंसाचाराची भीती खरी होती, हे मान्यच केले पाहिजे. परंतु गुणपत्रिका हा प्रतिनिधित्वाचा आधार ठरताच प्रतिनिधित्वाचे स्वरूप पारितोषिकाचे झाले.

प्रस्तुत लेखक याच कायद्याच्या काळात विद्यार्थी होता. आमच्या वर्गात प्रथम आलेल्या विद्यार्थिनीला आपण वर्ग प्रतिनिधी झाल्याचे सूचनाफलकावरून कळले. वसतिगृहातील मुलांना ग्रंथालय रात्री उघडे हवे होते. ती मात्र दुपारच्या एस.टी.ने गावी परतत असे. दोष तिचा नव्हता. आमच्यापैकी कोणी तिला निवडले नव्हते, म्हणून तिला जाब विचारण्याचा अधिकारही आम्हाला नव्हता. परिषदेत चर्चा झाली ती स्नेहसंमेलनाची.

दरम्यान २००६ मध्ये लिंगडोह समितीने दुसरा मार्ग सुचविला. तिने निवडणूक रद्द न करता तिला शिस्त लावली. उमेदवाराची उपस्थिती किमान ७५ टक्के आणि खर्च जास्तीत जास्त ५,००० रुपये असावा, अशा अटी तिने घातल्या. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी या शिफारशींच्या अंमलबजावणीचा आदेश दिला. महाराष्ट्रात मात्र खुल्या निवडणुकीची तरतूद येण्यास महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ उजाडावा लागला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ नुसार अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडून यावयाचे आहेत.

तरतूद झाली, मतदान लांबले. २०१९ मध्ये वेळापत्रक जाहीर होऊनही निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयेच बंद झाली. याच कायद्याखालील मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची पदवीधर गटाची निवडणूकही रखडली होती. ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली. न्यायालयात जाण्याइतका अवधी पदवीधरांना असतो. विद्यार्थ्याजवळ जेमतेम तीन वर्षे असतात. २०१९ मध्ये प्रथम वर्षात आलेला विद्यार्थी २०२२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि नाव नोंदविले असेल, तर अधिसभेसाठीचे पहिले मत त्याने पदवीधर म्हणूनच दिले.