अमेरिकेच्या अभ्यागत व्हिसासाठी पुनर्अर्ज
अमेरिकेचा अभ्यागत व्हिसा (बी-१/बी-२) नाकारला गेल्यावर त्याच व्यक्तीने नव्याने केलेल्या अर्जास पुनर्अर्ज म्हणतात. असे बहुतांश नकार स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायदा, १९५२ च्या कलम २१४(ब) अन्वये दिले जातात. या कलमानुसार अर्जदार कायम वास्तव्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते. मायदेशातील नोकरी, कुटुंब, मालमत्ता इत्यादी बंध दाखवून हे गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. तेथे स्थायिक झालेल्या मुलांनी आईवडिलांसाठी पाठवलेले निमंत्रणपत्र या बंधांची जागा घेऊ शकत नाही.

या निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही. मात्र नकार त्या अर्जापुरताच असतो व पुनर्अर्जासाठी प्रतीक्षेची सक्ती नाही. डीएस-१६० हा अर्ज व शुल्क (१७ जून २०२३ पासून १८५ डॉलर, परत न मिळणारे) पुन्हा भरून नव्याने मुलाखत द्यावी लागते. मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अर्जदाराच्या परिस्थितीत ठोस बदल झालेला नसल्यास निर्णय बदलण्याची शक्यता कमी असते.

पूर्वीचा नकार अर्जात नमूद करणे आवश्यक असते. नकारामुळे व्यक्ती कायमची अपात्र ठरत नाही. परंतु व्हिसा मिळवण्यासाठी हेतुपुरस्सर खोटी माहिती दिल्यास कलम २१२ अन्वये कायमची अपात्रता येऊ शकते.