मैदानाचं नाव कोण ठेवतं?

वानखेडे स्टेडियम म्हणताना त्यामागचे वानखेडे कोण, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. शेषराव वानखेडे आमच्या विदर्भातले, नागपूरचे. 1972 ते 1977 या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचेही धुरीण. तेव्हा मुंबईतल्या कसोट्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायच्या. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आणि सामने संघटनेचे. संघटनेच्या वाट्याला किती तिकिटं यायची, यावरून दोघांचं सतत वाजायचं. शेवटी वानखेड्यांनी ब्रेबॉर्नपासून जवळच, चर्चगेटला, सरकारी जमिनीवर संघटनेचं स्वतःचं स्टेडियम उभं करवलं. त्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातले. जानेवारी 1975मध्ये तिथे पहिली कसोटी झाली.

थोडक्यात, भांडण बसायच्या जागांचं होतं. नाव मात्र अध्यक्षांचं लागलं. ब्रेबॉर्न हे तर मुंबईच्या गव्हर्नरचं नाव. त्या जागांवर बसणाऱ्यांना नावाबद्दल विचारावं, असं तेव्हाही कुणाला वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मे 2025मध्ये वानखेडेवरच्या स्टँडना अजित वाडेकर, रोहित शर्मा आणि शरद पवार यांची नावं दिली गेली. दोन कर्णधार, एक प्रशासक. प्रेक्षकांनी त्यातलं कोणतं नाव निवडलं असतं, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

नाव विकतही घेता येतं. पुण्याजवळ गहुंजेला 2012मध्ये स्टेडियम सुरू झालं ते ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ या नावाने. ठरलेले पैसे आले नाहीत म्हणून पुढच्याच वर्षी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने ते नाव झाकलं. लोक आधीपासून ‘गहुंजे’च म्हणत होते, त्यांचं काहीच अडलं नाही.

फुटबॉलमध्ये ही ओढाताण जास्त उघड दिसते, कारण तिथला प्रेक्षक स्वतःला क्लबचा मालकच समजतो. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबने 2011मध्ये ‘सेंट जेम्स पार्क’चं नाव बदलून ‘स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना’ केलं. चाहते भडकले. 2012मध्ये नवा प्रायोजक आला. त्याने नामकरणाचे हक्क घेतले आणि लोकांची मर्जी राखायला जुनंच नाव परत दिलं. पैसे मोजून जुनं नाव परत करणं, हीच त्याची जाहिरात ठरली.

स्टँडच्या नावांची गोष्ट याहून जुनी आहे. लिव्हरपूलच्या मैदानातला ‘कॉप’ हा स्टँड 1906 सालचा. दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियन कॉप या टेकडीवर जानेवारी 1900मध्ये बोअर युद्धातली लढाई झाली. तिथे लिव्हरपूलच्या भागातले अनेक सैनिक मारले गेले. त्या टेकडीसारखा चढता स्टँड म्हणून त्याला हे नाव मिळालं. त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात गांधी होते, पुढे आमच्या शेजारच्या सेवाग्रामात राहायला आलेले. आज ‘कॉप’ म्हटल्यावर टेकडी क्वचितच कुणाला आठवते. तिथे बसणारी माणसं आठवतात.

आपल्याकडे हे गोव्यात दिसतं. मडगावच्या स्टेडियमचं अधिकृत नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, पण सगळे म्हणतात फातोर्डा. नेहरू स्टेडियम पुण्यात आहे, आमच्या यवतमाळातही आहे, त्यामुळे त्या नावाने नेमकी जागा कळत नाही. एफसी गोवाच्या चाहत्यांच्या एका गटाने तर आपण बसतो तो स्टँडच नावात घेतला, ‘ईस्ट लोअर आर्मी’. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर उतरणारे संघ पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी नावं मिरवतात. संघाचं नाव घेतलं की पेठ कळते, आणि कोण कुणाच्या बाजूने ओरडणार तेही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कोडमध्ये एखादं नाव बदलायचं तर ते जिथे जिथे वापरलंय तिथे तिथे बदलावं लागतं, एक जागा सुटली तरी प्रोग्रॅम अडतो. गावात नाव वापरलं जातं ते हजारो तोंडांत. तिथे आदेश चालत नाही.

पण लोकांच्या सवयीलाच शेवटचा शब्द मानावं, असंही मला वाटत नाही. यवतमाळचं पोस्टल ग्राऊंड समता मैदान या नावानेही ओळखलं जातं. तिथे फुले-आंबेडकरी विचारांचे मोठे कार्यक्रम होतात. ‘पोस्टल’ हे नुसत्या सवयीचं नाव आहे, ‘समता’ मागे एक आग्रह आहे. हा आग्रह धरणारी माणसं त्या मैदानात येऊन बसतात, ऐकतात, पुन्हा येतात. म्हणून ते नाव कागदावरचं राहिलं नाही. दोन्ही नावं चालतात आणि दोन्हींना बोलणारी माणसं आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. स्टेडियम कुणाच्याही नावाने असो, निदान स्टँडचं नाव ठेवण्याआधी तिथे वर्षानुवर्षं तिकीट काढून बसणाऱ्यांना विचारावं. नाहीतर पाटी नव्या नावाची राहील आणि रिक्षावाल्याला सांगताना आपण जुनंच नाव सांगू.